रायकोच्या बाकावर रेंज

२९ मे, गुरुवार

गुडघा आज फार कुरकुरला. तरी टेकडीवर गेले. दफनभूमीत पोचेपर्यंत दोनदा बसावं लागलं, एकदा दगडावर, एकदा नुसतीच गवतात. पण न जाऊन सांगते कुणाला? अख्ख्या गावात फोनला रेंज येते ती तिथेच, आणि सगळ्यात चांगली येते माझ्या नवऱ्याच्या कबरीजवळच्या बाकावर. जिवंत असताना रायकोला निरोप सांगून धाडलं तर अर्धा विसरून यायचा. आता साऱ्या गावाचे निरोप तोच पोचवतो!

संध्याकाळी सगळे होते नेहमीप्रमाणे. बायका विणकाम घेऊन, गेनाआजी सूर्यफुलाच्या बिया फोडत, दिमो त्याच्या बायकोच्या, माराच्या कबरीजवळ समोरच्या बाकावर राकियाची, घरच्या दारूची, बाटली घेऊन. प्रत्येकाचा फोन सगळ्यांनी ऐकायचा, मग त्यावर सल्ले द्यायचे.

माझ्या प्लामेनचा फोन आला. तिकडे परदेशात, व्हालेन्सियात, ट्रक चालवतो; ट्रकमध्ये बसूनच बोलला. "आई, मागच्या हिवाळ्यात तू बर्फात पडलीस आणि मला दोन दिवस पत्ता नाही. पुन्हा नको. हिवाळ्याआधी गावात नेट आलं तर खुशाल राहा. नाही तर प्लोव्हदिवला माझ्या सासूबाईंकडे जायचं." आवाज रडवेला झाला होता पोराचा. कबूल केलं.

त्याच्या सासूबाई मोज्यांनासुद्धा इस्त्री करतात.

३० मे

दिमोनं खालच्या गावातून पेपर आणला. सरकारची नवी योजना – इंटरनेट आणि ते वापरायचं शिक्षण सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, डोंगरातल्यांनासुद्धा. लाइन खालच्या गावापर्यंत येतेच आहे. तिथून आमच्यापर्यंत ओढायची की नाही, ते रहिवाशांच्या मागणीवर ठरणार. आणि मागणी नोंदवायची कुठे? इंटरनेटवर!

"म्हणजे तहान लागलेल्यानं आधी विहिरीत उतरायचं आणि तिथून पाणी मागायचं," दिमो म्हणाला. शाळेत बँड शिकवायचा तेव्हापासून याची जीभ अशीच.

३ जून

वाचनघरात सभा घेतली. किल्ली माझ्याकडे, त्यामुळे सभाही मीच घेते. सांगितलं, प्रत्येकानं आपापली मागणी भरायची.

"तूच भर की गं सगळ्यांची," गेनाआजी.

"नाही. शिकायचंसुद्धा आहे, योजनेत तसं लिहिलंय. ज्याचं त्यानं, आपल्या बोटानं."

आजीनं संधिवातानं वाकडं झालेलं बोट वर केलं. "या बोटानं?"

"याच बोटानं."

शनिवारचं ठरलं. पितरांचा शनिवार आहे, एरवीही सगळं गाव वर असणारच.

७ जून, शनिवार

काय दिवस गेला! कबरींवर अक्रोडाची पानं पसरली, वाइन शिंपडली. शिजवलेले गहू वाटले, चेरी वाटल्या. फादरनी नेहमीप्रमाणे प्रत्येकाकडून त्याच्या घरच्या गेलेल्यांची नावं विचारून घेतली आणि मोठ्यानं वाचली. ते खाली जायला निघाले, तशी मी रायकोच्या बाकावर माझा फोन ठेवला आणि रांग लावली.

कुठे दाबायचं ते प्रत्येकीला दाखवायचं, "इथे नाव लिही" म्हणायचं आणि आपण गहू वाटायला वळायचं. मुद्दामच पाहिलं नाही. मागे उभं राहिलं की बोट थरथरतं – माझं मेलीचं थरथरायचं सुरुवातीला. गेनाआजीनं एवढा वेळ लावला की रांगेतल्यांनी तिच्या वाटच्या चेरी संपवल्या. पण लिहिलं तिनं! प्रत्येक घराची मागणी गेली. दिमोची सगळ्यात शेवटी, डोळे पुसत. ऊन लागतंय म्हणाला.

इतका अभिमान मला प्लामेन पास झाला तेव्हा वाटला होता, त्यानंतर आजच.

१९ जून

राजधानीतून, सोफियातून, योजनेच्या कार्यालयाचा फोन. गोड आवाज, थंडगार शब्द. "तुमच्या गावच्या सगळ्या मागण्या एकाच फोनवरून आल्यात. दफनभूमीतून. आणि नोंदी पाहिल्या तर अर्ज करणारी सगळीच्या सगळी माणसं मयत आहेत." तपासणी होईपर्यंत गाव यादीबाहेर.

समोरच गेनाआजी बसली होती. "आजी, त्या दिवशी नाव काय लिहिलंस?"

"माझ्या म्हाताऱ्याचं, स्तोयानचं. दुसऱ्या कुणाचं लिहिणार?"

"अगं, तुझं लिहायचं होतं!"

"पितरांच्या शनिवारी, कबरीजवळ उभं करून कुणी नाव विचारलं तर माणूस स्वतःचं सांगतो होय? मी काय मेलेय?"

सगळ्यांनी तेच केलं होतं. कुणी आईचं, कुणी दिराचं. दिमोनं माराचं. "मला वाटलं, फादरांचीच यादी तू आता फोनवर न्यायला लागलीस," म्हणाला. मी फार चिडले. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. निवडणुकीत मेलेले मतं टाकून जातात, असल्या गोष्टींवर आजवर आम्ही हसायचो. आता आमचेच मेलेले इंटरनेट मागतायत!

२० जून

झोप नाही. डोळे मिटले की इस्त्रीचे मोजे.

२ जुलै

तपासणीवाली आली. इस्क्रा नाव, वय असेल तिशीचं, पांढरेशुभ्र बूट. हातात यादी. चौकात गेनाआजीलाच गाठलं तिनं. "स्तोयान काराजोव कुठे भेटतील?"

"चल, नेते," म्हणून आजीनं तिचा हात धरला आणि टेकडी चढायला लागली. आजी शेळीसारखी पुढे, मुलगी धापा टाकत मागे, त्यांच्यामागे आम्ही सगळे. स्तोयानच्या कबरीपाशी आजी थांबली. "हा घे. विचार काय विचारायचंय ते. थोडा ऐकायला कमी यायचं त्याला, मोठ्यानं विचार."

इस्क्रानं चेहरा सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही. मी मग सगळं सांगितलं – रेंज, शनिवार, फादर, नावं. तिनं यादी घडी करून पर्समध्ये टाकली. कार्यालयाशी बोलायला फोन काढला, इकडे फिरली, तिकडे फिरली. शेवटी आली बिचारी रायकोच्याच बाकावर.

मागण्या पुन्हा भरल्या, तिच्यासमोर. या वेळी मी प्रत्येकाच्या कानात ओरडत होते, "जिवंत माणसाचं नाव!" गेनाआजीनं स्वतःचं नाव लिहिलं आणि फोन सोडेचना. "कितीतरी वर्षांनी लिहिलं गं," म्हणाली. तेव्हा मलाही ऊन लागलं डोळ्यांना.

जाताना इस्क्राच्या हातात चीज भरलेल्या गरम बानित्साचा डबा आणि चेरीच्या मुरंब्याची बरणी दिली. गाव परत यादीत! लाइन कधी येईल ते मात्र सांगता येत नाही म्हणाली.

११ सप्टेंबर

लाइन नाही. प्लामेननं सासूबाईंकडच्या खोलीचे फोटो पाठवले. पलंग, कपाट, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. छान आहे म्हटलं.

१४ ऑक्टोबर

आली! वाचनघरात पेटी बसवली, तिथून साऱ्या गावाला नेट. पेटीच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच दिली. प्लामेनला स्वयंपाकघरातून व्हिडिओ फोन लावला, चुलीसमोर उभं राहून. "अरे वा," म्हणाला, आणि मग, "आई, ती भांडी कधीची पडलीत?" मग म्हणाला, "राहा तू तिथेच."

जीव भांड्यात पडला. त्या न घासलेल्या भांड्यांतच.

२२ ऑक्टोबर

वाचनघरात दर बुधवारी वर्ग सुरू केला. गेनाआजीला शिकागोतली पणती दिसली. आजी एवढ्या मोठ्यानं बोलते की नेट नसतं तरी पोरीला ऐकू गेलं असतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज शरदातला पितरांचा शनिवार. सगळे वर आले, गहू वाटले, वाइन शिंपडली आणि पळाले. एकीची मालिका होती, एकीचा मुलगा फोनवर येणार होता. बी फोडायलासुद्धा कुणी थांबलं नाही.

६ नोव्हेंबर

संध्याकाळी चौकात चिटपाखरू नाही. खिडक्याखिडक्यांत निळा उजेड. दिमोनं टोपी घातलेल्या मांजराचं चित्र पाठवलं. तीन घरं सोडून राहतो हा माणूस, आणि आठवडाभर तोंड दिसलं नाही.

९ नोव्हेंबर

एकटीच वर जाऊन आले. बाकांवर पानं साचलीत. रायकोजवळ बसले. रेंज भरपूर, फोन कुणाचा नाही. गाव सोडावं लागू नये म्हणून एवढा आटापिटा केला, आणि गावच आपापल्या घरात जाऊन बसलं. वाईट वाटलं. उतरताना पाय घसरला, आणि हात द्यायला कुणी नव्हतं. प्लामेनला हे सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर

वाचनघराच्या दारावर कागद लावला – "देखभालीसाठी इंटरनेट रोज दुपारी चार ते पाच बंद राहील." पेटीचं बटण मीच दाबलं. वर जाऊन बाक पुसले. थोड्याच वेळात गेनाआजी सरकारला शिव्या देत आली, मागून विणकाम घेऊन बायका. दिमोनं आधी माझ्या खिशातून डोकावणाऱ्या किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राकिया ओतली, आणि आज पहिल्यांदाच माझ्या बाकावर बसला.