नवस पायऱ्यांचा, गेले ट्रॉलीने

नवागाम, सुरत

ती. मायला योगिताचा नमस्कार.

माझी तब्येत चांगली आहे. तिसरा महिना सुखरूप पार पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागच्या वेळेसारखं काही दिसत नाही. फोनवरच बोलले असते, पण घरात सगळे ऐकतात आणि मला हे तुलाच विचारायचंय.

रविवारी आम्ही सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आलो. मला दिवस गेले तर मी सगळ्या पायऱ्या पायी चढेन, असा नवस तू माझ्या नावाने बोलली होतीस. पण डॉक्टरीणबाईंनी चढायला मनाई केलीय. म्हणून पायऱ्यांनी आमचे हे गेले आणि सासूबाईंनी मला रुळावरच्या ट्रॉलीत नेलं. ते रूळ डोंगराला टेकवलेल्या शिडीसारखे उभे आहेत. बसायला जागा होती, तरी मी उभीच राहिले. निदान तेवढं तरी. सुटताना जरा धक्का बसला, पण काही झालं नाही.

वर पोचले तर दमही लागला नव्हता. ओटी भरताना देवीला काय म्हणावं कळेना. नवस फेडला म्हणू, की राहिला म्हणू? तिने दिलं म्हणूनच तर चढता आलं नाही. हे म्हणतात, मी चढलो ना, झालं. सासूबाई म्हणतात, बाळंत झाल्यावर चढ. तोवर देवी थांबेल का, माय?

नवस तुझा, तूच सांग. गुडघे कसे आहेत तुझे? पत्र वाचून माझ्या वाटच्या पायऱ्या चढायला निघू नकोस. मी ओळखते तुला.

तुझीच,
योगिता