मध्ये टाळी वाजवायची नाही!

१२ जानेवारी, रविवार

काय वाजवलं आज! काय वाजवलं! टाळ्या वाजवून हात बधिर झालेत, अक्षर वाकडं येतंय — येऊ दे.

महिन्यातला एक रविवार, चारचा कार्यक्रम, मी सव्वातीनलाच खांबाशी हजर. बडच्या बारची मागची खोली साठ माणसांत गच्च होते, आणि मधोमध हा खांब. त्याच्या डाव्या अंगाला मी. एकवीस वर्षं! आमच्या लॉस्ट मिटन्स बँडचा इथला एकही कार्यक्रम चुकवलेला नाही. एकदा न्यूमोनियात आले होते, डॉक्टरला सांगितलं नाही.

चारची वेळ अशासाठी, की सोमवारी सगळ्या बँडला कामावर जायचं असतं. ड्रमवाला गॉर्डी आठवडाभर लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करतो. इंग्रिड गाते, आणि एरवी दातांच्या दवाखान्यात दुसऱ्यांचे दात घासते. आज तिचा आवाज सर्दीनं बसलेला. मग वरचे सूर तिनं सरळ आमच्यावर सोडून दिले! आम्ही छत उडेपर्यंत ओरडलो. माझ्या मागचे म्हातारबा म्हणाले, "वाईट नव्हतं." आमच्या डुलूथ गावात याच्या वर कौतुक नाही. याहून जास्त कुणी बोललं तर समजावं, चढलीय.

शेवटचं गाणं अर्थातच 'मार्विनचा ट्रक'. एप्रिल महिना, तळ्यावरचं बर्फ पातळ झालेलं, आणि मार्विन पैजेपायी त्यावर ट्रक घालतो. बरोबर मध्यावर येतो — आणि सगळी वाद्यं बंद. एकदम! बर्फ धरतंय की फुटतंय? गॉर्डी मनातल्या मनात आठ मोजतो. साठ माणसं श्वास रोखून उभी. कुणी खोकत नाही, कुणी ग्लास ठेवत नाही. मग धाडकन ड्रम! त्या शांततेत टाळी वाजवायची नाही. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण नव्या माणसांना आम्ही डोळे वटारून शिकवतो.

खांबाच्या उजव्या अंगाला आर्डिस. नेहमीसारखी. दोन वर्षं झाली, एक शब्द नाही. मध्ये खांब आहे ते बरंय.

दोन बँडांच्या मध्ये हवा खायला मागच्या दारानं बाहेर गेले. तो निळा पिकअप आजही होता. आत दाढीवाला माणूस, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हातात थर्मास. शून्याखाली अठरा आणि बाबानं काच खाली केलेली! बायकोची वाट बघत असेल. पण काच कशाला खाली?

१३ जानेवारी

कानात शिट्ट्या. बसमधली पोरं म्हणतात मी सकाळपासून ओरडून बोलतेय. बोलत असेन. शाळेची बस चालवणाऱ्या बाईनं ओरडायचं नाही तर कुणी?

१९ जानेवारी, रविवार

आज कार्यक्रम नाही. घरात बसले की तेच तेच डोक्यात येतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आर्डिस आणि मी दुसरीपासूनच्या मैत्रिणी. बँड बघायला एकत्र जायला लागलो तेव्हा दोघींना मतदानाचा हक्क नव्हता. तिचा नवरा वारला, त्यानंतर सहा वर्षं ती माझ्याबरोबर हसायची आणि घरी जाऊन रडायची. मग चर्चच्या मासळीच्या जेवणावळीत तिला वेंडल भेटला. फोनवर सोळा वर्षांची पोरगी बोलावी तशी बोलली. "रविवारी घेऊन येते गं. तुला आवडेल."

आले ते गाणं चालू असताना. अंधार, गर्दी, ओळखसुद्धा झाली नाही. आणि नेमका 'मार्विनचा ट्रक'. वाद्यं थांबली. शांतता… आणि टाळ्या! एकाच माणसाच्या. मोठ्या, खुशीतल्या. गॉर्डीचं मोजणं चुकलं, ड्रम एकीकडे, गिटार दुसरीकडे, अख्खं गाणं कोसळलं.

मी वळले. आर्डिसला म्हणाले, साठ माणसांच्या देखत, "कुठून उचलून आणलंस हे ध्यान?"

ध्यान तिथंच उभं होतं. हात टाळीतच राहिलेले. लोक हसले. आर्डिसनं माझ्याकडे पाहिलं, त्याचा हात धरला आणि निघून गेली.

पुढच्या महिन्यापासून ती एकटीच येते. तो परत कधी दिसला नाही. सोडून गेला का तिला? माझ्यामुळे? हे मी कुणाला विचारू?

'माफ कर.' दोनच शब्द. पाच-पाच वर्षांच्या पोरांकडून रोज बसमध्ये वदवून घेते. माझ्या तोंडून निघत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

ठरवून गेले होते: आज बोलायचंच.

कार्यक्रमाआधी बडकडे मांसाची सोडत असते. चक्र फिरतं, नंबर लागला की चॉप्स, नाहीतर बेकन. मला दोन किलो बेकन लागलं! एकवीस वर्षांत पहिल्यांदा! सगळ्यांनी माना हलवल्या, म्हणजे इथल्या मानानं जल्लोषच. आर्डिसचा जीव बेकनवर. मी म्हटलं, हा संकेत आहे. आमच्याकडे कुणी गेलं तर डबा द्यायचा, कुणाचं बाळ झालं तर डबा, भांडण झालं तरी डबा. बोलायची वेळच येऊ द्यायची नाही. खुंटीवर तिचा कोट होता, त्याच्या टोपीत पाकीट ठेवून दिलं आणि घाईघाईनं खांबाशी आले.

पहिला बँड फार्गोहून आलेल्या तीन पोरींचा. अॅकॉर्डियन, ड्रम आणि एक करवत! होय, लाकूड कापायची, तिच्यावर गज फिरवून रडवत होत्या तिला. तेव्हा खोलीत आम्ही नऊ जण. नऊ जणांनी नव्वदांचा आवाज केला. पोरी जाताना वळून वळून बघत होत्या. पहिल्या बँडला रिकाम्या भिंतींपुढे वाजवायला लावणं यासारखं पाप नाही. त्यांची टेप घेतली, माझ्याकडे टेप वाजवायला काही नाही तरी घेतली.

मिटन्स तर काय! खांबाला तळहात लावला की गॉर्डीचा मोठा ड्रम थेट हाडात लागतो. आठ मोजेपर्यंत खोलीत नुसता आपला श्वास.

निघाले तर माझ्या गाडीच्या काचेवर बेकन. थिजून दगड झालेलं. खाली चिठ्ठी: "आभार. आम्हा दोघांना डॉक्टरनं बंद केलंय. — आ."

आधी नाकाला मिरच्या झोंबल्या. चावी लावता लावता परत वाचलं. दोघांना! म्हणजे वेंडल आहे! गेलेला नाही! गाडीत एकटीच हसत बसले, खुळ्यासारखी.

मग तो येत का नाही?

निळ्या पिकअपवाल्याला आज जाता जाता हात केला. त्यानंही केला, जरा घाबरतच.

४ मार्च

बर्फाचं वादळ, शाळा बंद. बेकन खाल्लं. छान होतं.

आर्डिस आणि मी एकदा चार तास गाडी हाकून एका बँडला गेलो होतो, आणि प्रेक्षक चार. त्यातल्या दोन आम्ही. तिसरा बारवाला, चौथा त्याचा मेव्हणा. बँडनं दोन तास वाजवलं, नंतर आमच्याबरोबर अंडी-बटाटे खाल्ले. परतताना आर्डिस म्हणाली, "व्हर्ना, आपण आलो नसतो तर अर्धी खोली रिकामी राहिली असती."

९ मार्च, रविवार

कुठून सुरू करू!

आज उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायचा दिवस, अर्धी मंडळी विसरली, धावत धापा टाकत आली. खोली तुडुंब. इंग्रिडचा आवाज परत आलेला, काचेसारखा स्वच्छ. मी नाचले. माझ्या गुडघ्यांना विचारलं नाही.

'मार्विनचा ट्रक.' बर्फाचा मध्य. वाद्यं थांबली.

आठ झाले. ड्रम नाही. वाटलं, वा! लांबवतोय गॉर्डी! वीस झाले. खोली अशी गप्प की बारमागचा फ्रिज ऐकू येत होता. इंग्रिड डोळे मिटून उभी. चाळीस. एका नव्या पोरानं हात उचलले, तीन म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते खिशात घातले. लोकांच्या चेहऱ्यावर अभिमान! असं आजवर झालं नव्हतं!

नाचता नाचता मी खांबाच्या जरा पुढे सरकले होते म्हणून मला दिसलं. गॉर्डी पडलेली काठी उचलायला वाकला होता आणि वाकलेलाच राहिला होता. कंबर धरली होती! तोंड लालभडक, डोळे बाहेर, ओठ हलत होते, पण आवाज नाही. शांततेत बोलायचं कसं? त्यालाही तोच नियम! माणूस मरणाच्या कळा सोसतोय आणि साठ जण त्याच्या धाडसाला मनोमन दाद देतायत.

तेवढ्यात खांबापलीकडून आवाज आला. नाकातून फुटणारा, दाबलेला. दुसरीच्या वर्गापासून ओळखते मी तो. आर्डिसला हसू आवरत नव्हतं! तिलाही दिसलं होतं!

आणि मी फुटले. मी! भर शांततेत, मोठ्यांदा, पोट धरून. सगळे माझ्याकडे वळले, इंग्रिडनं डोळे उघडले. मी ओरडले, "अरे, त्याला उचला! कंबर धरलीय त्याची!"

मग धावपळ. गॉर्डीला त्याच वाकलेल्या अवस्थेत, खुर्ची उचलावी तसं उचललं. "ड्रमला हात लावू नका रे," एवढंच तो म्हणत होता. त्याला आडवं न्यायला मोठी गाडी हवी. मला एकदम निळा पिकअप आठवला, मागे लांब बाक असलेला. धावले, काचेवर थाप मारली. काच होतीच खाली, थाप त्याच्या टोपीवर बसली.

"अहो, आमच्या ड्रमवाल्याला दवाखान्यात न्याल का?"

"आज फारच लांबवलं," तो म्हणाला, आधीच गाडी सुरू करत. "मी दीडशेपर्यंत मोजलं. मग कुणीतरी हसलं, तेव्हा कळलं काहीतरी गडबड आहे."

"तुम्हाला इथं ऐकू येतं?"

त्यानं भिंतीतल्या पंख्याकडे बोट दाखवलं. आतली हवा बाहेर फेकणारा पंखा. "सगळं येतं. सर्दीसुद्धा कळते."

"मग आत का नाही येत, बाबा? माणसं खात नाही आम्ही."

"आत माझ्याकडून चुका होतात," तो म्हणाला आणि हसला. विनोदी माणूस.

गॉर्डीला बाकावर निजवलं. त्याचं डोकं धरायला आर्डिस मागे चढली. वृद्धाश्रमात वीस वर्षं नोकरी केलीय, तिला जमतं. मी दाराशी उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत अजून हसण्याचं पाणी.

"व्हर्ना," ती म्हणाली, "दार लाव."

दोन वर्षांनी! दार लाव! मी इतक्या प्रेमानं आयुष्यात कुठलं दार लावलं नसेल.

१० मार्च

गॉर्डी ठीक. चार आठवडे विश्रांती. डॉक्टरला म्हणे म्हणाला, "वाईट नव्हतं."

११ मार्च

आर्डिसचा फोन. आधी हवामान, मग गॉर्डी, मग परत हवामान. मी डोळे मिटले आणि म्हणाले. दोन्ही शब्द.

पलीकडे शांतता. मीच मोजत होते.

"मला नको म्हणूस," ती म्हणाली. "परवा गाडी कोण चालवत होतं असं वाटलं तुला?"

१३ एप्रिल, रविवार

आज खांबाशी गेले नाही. आर्डिस म्हणाली, दोन्ही अंगं मी सांभाळते.

निळ्या पिकअपमध्ये बसले. वेंडलला म्हणायचं होतं ते म्हणाले. त्यानं थर्मासमधून कॉफी ओतून दिली. दोन वर्षं, चोवीस रविवार, काच खाली करून.

विचारलं, "पण त्या दिवशी टाळी वाजवलीत कशी?"

"मला वाटलं, संपलं," तो म्हणाला. "एवढं जीव ओतून वाजवलं बिचाऱ्यांनी, आणि साठ माणसं नुसती उभी. कुणीतरी वाजवायला नको?"

पंख्यातून मार्विन निघाला. बर्फाच्या मध्यावर आला. वाद्यं थांबली. वेंडलनं सवयीनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

मी ते ओढून बाहेर काढले, आणि पहिली टाळी मीच वाजवली.