रानपिंगळा पाहायला गेलो त्याची हकीकत

तीर्थस्वरूप सौ. हेमलताअक्का हिला पारोळ्याहून धाकट्या भटूचा (दुकानातला नव्हे, स्वप्नातला, असं तू म्हणतेस तोच) साष्टांग नमस्कार.

तुझ्या टाचेचं दुखणं आता कसं आहे? मिठाच्या गरम पाण्यात पाय ठेवतेस की नुसतं सांगतेस? सुरतेला या दिवसांत गारठा नसतो म्हणतात, पण समुद्राची हवा हाडांना मानवत नाही. दाजींना आणि मामंजींना माझा नमस्कार सांग. मामंजींना जरा आपुलकीने सांग, त्याचं कारण पुढे येईल. फोन का केला नाही असं तू विचारशील. फोनवर तू मधे बोलतेस. पत्राला मधे बोलता येत नाही, आणि मला हे सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा सांगायचं आहे.

नरडाण्याचं स्थळ माझ्यामुळे मोडलं हे मला मान्य आहे. मुलगी समोर बसलेली असताना मी खिडकीबाहेरच्या वडावर तांबट पक्षी बघत राहिलो, आणि मुलीच्या वडिलांना वाटलं मला भोवळ येते आहे, म्हणून त्यांनी कांदा हुंगवला. त्या दिवशी तू हात जोडून सांगितलंस की भटूसाठी यापुढे एकही घर दाखवणार नाही. खरं सांगू का, मी तेव्हा वरवर हसलो, पण दुकानात बियाण्याच्या पोत्यांवर बसून खूप वेळ वाईट वाटत राहिलं. एकट्याने पाखरं पाहायला मजा येते, पण पाहिलेलं सांगायला कुणी नसतं. झुलालनानाकाकांना सांगावं तर ते विचारतात, "खावाना कामना शे का?"

तर गेल्या आठवड्यात जळगावच्या पक्षीमित्र मंडळींबरोबर दोन दिवस बाहेर पडलो. झुलालनाना बरोबर आले. (आपल्या काकांना पक्ष्यांत कावळा आणि कोंबडी एवढेच माहीत आहेत, पण जीप त्यांची आहे, आणि जीप जाईल तिथे नाना जाणार.) पहिल्या दिवशी हतनूरच्या धरणाच्या पाण्यावर गेलो. अक्का, काय सांगू. सकाळचं धुकं पाण्यावर बसलेलं होतं आणि पलीकडचा काठ नव्हताच. नावाडी वल्हं मारायचा थांबला की अगदी शांत व्हायचं, आणि त्या शांततेतून बदकं बोलल्याचा आवाज यायचा, पण बदकं दिसायची नाहीत. मग धुकं थोडं उचललं आणि केशरी रंगाचे चक्रवाक दिसले, जोडीजोडीने. नानांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बठ्ठा पाखरे जोडीना शेतस. तूच एकला शे." नावाडी हसला. थोड्या वेळाने पांढरे कुरव आले, समुद्रावरचे, तापीच्या काठाकाठाने वर आलेले. हेच पाणी खाली तुझ्याकडे सुरतेला जातं. मागच्या दिवाळीत तुझ्याकडे आलो तेव्हा खाडीच्या चिखलात रोहित पक्षी पाहायला उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो, चप्पल तिथेच राहिली, ते तुला आठवत असेल. (दाजी अजून ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतात.) नावेत बसून वाटलं, यातला एखादा कुरव त्या चिखलावर माझी चप्पल पाहून आला असेल. असं काहीतरी वाटत राहतं मला, त्याला माझा इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळी परत गेली, पण मला चोपड्याकडच्या सातपुड्यात रानपिंगळा पाहायचा होता. हे छोटंसं घुबड आहे, दुर्मिळ, आणि दिवसाढवळ्या फिरतं. नाना कुरकुरत आले. पहाटेपासून सागाच्या जंगलात हिंडलो. वाळकी पानं पायाखाली इतकी वाजत होती की पिंगळाच काय, वाघही पळून गेला असता. पण उन्हाचे कवडसे आले, सागाच्या उंच खोडांतून धनेश सरकत गेला, कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता, आणि मी कुठे आहे, कशासाठी आलो आहे, हे सगळं विसरायला झालं. नाना मात्र चहा विसरले नव्हते. "खाले गाव शे, आपला कोनी ना कोनी निंघीच," म्हणाले. खानदेशात कुठल्याही दारात उभं राहून पाच मिनिटं बोललं की नातं निघतं, यावर नानांचा देवापेक्षा जास्त विश्वास आहे.

गावातलं पहिलंच घर. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, सतरंजी अंथरलेली. जीप थांबताच इस्त्रीचा सदरा घातलेले गृहस्थ धावत आले आणि म्हणाले, "या, या. सकाळपासून वाट पाहतोय." मला नवल वाटलं, नानांना वाटलं नाही. आपली कुणीतरी वाट पाहणं हे त्यांना स्वाभाविक वाटतं. पाय धुवायला पाणी आलं, मग आम्हाला आत खिडकीसमोर बसवलं. नानांनी जीपमधून पेढ्यांचा पुडा काढला. (रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून पुडा कायम सीटखाली असतो.) त्या पुड्याने सगळा घोटाळा पक्का केला. घरधन्याचं नाव अभिमन आबा. पोहे येईपर्यंत नानांच्या मावशीच्या सासरची सोयरीक निघालीही. त्यांनी आम्हाला विचारलं नाही की तुम्ही कोण, कारण पाहुण्याला असं विचारायचं नसतं. आम्ही विचारलं नाही की तुम्ही कुणाची वाट पाहत होता, कारण पोहे चांगले होते, वर शेव भरपूर होती.

मग ट्रे घेऊन मुलगी आली आणि समोर पाटावर बसली, तेव्हा कळलं.

नानांनी माझा गुडघा दाबला. त्या दाबण्याचा अर्थ गप्प बस असा होता, हे मी तुला शपथेवर सांगतो. पण नानांवर कशाला ढकलू, मी आपणहून गप्प बसलो. माझ्या अंगावर हिरवं जाकीट, केसांत सागाचं पान, पायांना चिखल, आणि गळ्यात दुर्बीण. तिने ते सगळं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. नाव सुलक्षणा. जळगावला केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिची आजी दगडीबाई दाराशी बसली होती. तिने विचारलं, "पोऱ्या, गळामा काय शे ते?" मी म्हणालो, दुर्बीण, लांबचं जवळ दिसतं. आजी म्हणाली, "मंग आते कसाले पाहिजे? ती ते आठेच बसेल शे." सगळी खोली हसली. माझे कान तापले.

आबांनीच सांगितलं, दोघांना जरा बोलू द्या, तेव्हा आम्ही मागच्या पडवीत गेलो. तिथे मी तिला खरं सांगितलं. म्हणालो, आम्ही ते नाही. आम्ही पिंगळा पाहायला आलो होतो आणि चहासाठी थांबलो. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मुलाचा फोटो आलाय माझ्या मोबाईलवर. तुम्ही जीपमधून उतरलात तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं फार भुकेले दिसत होता," म्हणाली. मग उलट विचारलं, "आणि तुम्ही का नाही बोललात?" मी दुर्बीण काढून तिच्या हातात दिली. ती सातपुड्याकडे बघत राहिली. डोंगर निळा होता, मधे कापसाची शेतं, आणि ती काही बोलत नव्हती, मीही नव्हतो, आणि अक्का, मला ते न बोलणं फार आवडलं. मग तिने तो फोटो दाखवला. चेहरा ओळखीचा निघाला. त्याबद्दल खाली लिहितो.

तेवढ्यात आबांचा फोन वाजला, की पाहुणे चोपड्याला पोचले, उशीर झाला माफ करा. आबा फोनकडे पाहत राहिले, मग आमच्याकडे. मी हात जोडून सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण बिचारे म्हणाले, पोटात गेलेले पोहे कसे परत मागणार? नानांना तोवर टॉवेल, टोपी, नारळ देऊन झालं होतं, आणि एकदा डोक्यावर ठेवलेली टोपी उतरवायची नसते, असं म्हणत नाना जीपमध्ये बसलेही.

रस्त्यात नाना म्हणाले, "तो गोल डोयानं पाखरू कोनतं व्हतं रे? खिडकीबाहेर आंबावर बसेल व्हतं, बठ्ठा येळ आपलाकडेच देखी राहिंथं." बारीक, करड्या रंगाचं, पिवळे डोळे. अक्का, तो रानपिंगळा होता. मी खिडकीसमोर बसलो होतो आणि मी एकदाही बाहेर पाहिलं नाही. नरडाण्याची गोष्ट आठव, आणि मग तूच ठरव काय झालं असेल ते.

टाचेची काळजी घे. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भटू

ता. क. सोबत पार्सलमध्ये एक टॉवेल आणि एक टोपी पाठवली आहे. (नारळ नानांनी फोडला.) ती मामंजींना द्यावी, कारण ती त्यांचीच आहे. फोटो तुझ्या दिराचा, जितेंद्रचा होता. लग्न जमेपर्यंत सुनेच्या माहेरीसुद्धा सांगायचं नाही हा तुमच्या घरचा रिवाज, आणि टाच दुखते म्हणून तू त्यांच्याबरोबर गेली नसशील, नाहीतर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. आमच्याआधी कुणी लबाड माणसं येऊन पोहे खाऊन गेली, असं तुझ्या सासरी एव्हाना बोललं जात असेल. ती आम्ही.

ता. क. २. दुर्बीण तिच्याकडेच राहिली. विसरलो असं नानांना सांगितलं आहे. तुला तसं सांगत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी सुलक्षणाचा फोन आला. (दुर्बिणीच्या पट्ट्यावर माझा नंबर लिहिलेला आहे.) जितेंद्रकडच्यांना तिने काल नाही म्हणून कळवलं. जितेंद्रलाही सुरतेतलीच कुणी आवडते, असं त्याने पडवीत तिला सांगितलं म्हणे, तेव्हा त्याच्या बाजूनेही जरा बोलून बघ. आणि म्हणाली, आंब्यावरचा पिंगळा रोज दुपारी येतो, सुट्टी आहे तोवर मी दुर्बिणीतून बघते, तुम्हाला बघायचा असेल तर या, पण या वेळी आधी कळवून या. अक्का, कळवायचं काम थोरल्या बहिणीचं असतं. तू हात जोडून जे सांगितलं होतंस ते मागे घेशील का? नानांनी पेढ्यांचा नवा पुडा सीटखाली ठेवला आहे.