गंधाराची जागा

दीक्षितपुरा, जबलपूर
१४ जानेवारी १९४५

ती. सौ. विनताताईस श्रीपादचा सा. न. वि. वि.

सोबत तिळगुळाची पुडी आहे. हलव्याला काटा छान आला म्हणून आईनं तो आधी सगळ्या गल्लीला दाखवला, मग मला पाठवायला दिला. गिरगावात पोचेपर्यंत त्याचा भुगा झाला तर टपालखात्याला बोल लाव, आईला नको.

कानांचं तू विचारलंस, ते आधी सांगून टाकतो. सिव्हिल सर्जननं पुन्हा तपासलं. डावा गेलेलाच होता, उजव्यातही आता काही उरलं नाही, आणि परत येणार नाही. हे त्यानं कागदावर लिहून दाखवलं. दसऱ्याच्या सुमारास तोफेच्या चाचणीवर जे झालं त्यात दोष कोणाचाच नव्हता. मी उभा होतो तिथं कोणीतरी उभं राहावंच लागतं. आता मला नकाशे काढायच्या खोलीत बसवलं आहे. याहून जास्त लिहीत नाही, कारण कारखान्यातल्या माणसांची पत्रं हल्ली वाटेत उघडून वाचतात. तू रडत बसू नकोस. पत्रात मी बहिरा नाही, तेव्हा लांबलचक लिहीत जा.

आता खरी बातमी. सदर बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडे मला एक घबाड मिळालं. मागच्या वर्षी तुला लिहिलं होतं ना, चाचणीवरचा तो गोरा सार्जंट मला रविवारी आपल्या बराकीत नेऊन ग्रामोफोनवर जॅझच्या प्लेटा ऐकवायचा? त्याची पलटण ब्रह्मदेशाकडे गेली आणि जाताना तो आपली पुस्तकं विकून गेला. त्यातलं एक मी ओळखलं. बक टॉलिव्हर नावाच्या कॉर्नेटवाल्याचं चरित्र आहे. कॉर्नेट म्हणजे आपल्या लग्नातल्या बँडवाल्यांचं ते आखूड पितळी वाद्य. दिवसा हा माणूस धुलाईच्या कारखान्यात चादरी पिळायचा आणि संध्याकाळी असं वाजवायचा की लोक आपली घरची भांडणं विसरून जात. दुकानदार आमच्या ओळखीचा. त्यानं पाटीवर लिहिलं, भैया, सुनाई तो देता नहीं, बाजेवाले की किताब का क्या करोगे. मी म्हटलं, पढ़ूंगा. तो बिचारा ओशाळला.

तुझ्याकडे फोर्टातल्या फुटपाथवर बोटींवरचे गोरे असली पुस्तकं विकतात म्हणे. गायक-वादकांची असोत, प्लेटा काढणाऱ्या कंपन्यांची असोत, दिसतील ती घेऊन ठेव.

भाऊजींना नमस्कार. या लहान भावाचे हट्ट आजवर पुरवलेस तसेच पुरवत राहा.

तुझा
श्रीपाद


गिरगाव, मुंबई
११ फेब्रुवारी १९४५

चि. श्रीपाद यास विनताताईचे अनेक आशीर्वाद.

हलवा शाबूत पोचला, फक्त पुडीच्या कोपऱ्यात थोडी साखर झाली होती, ती ह्यांनी चहात घातली. तुझ्या कानांचं वाचलं. तू नको म्हणालास तरी मी रडले. झालं, आता पुढचं.

तुझ्यापायी मी फोर्टात फुटपाथवर बसकण मारून पुस्तकं चाळली. शेजारच्या सत्यवतीबाई सोबत होत्या, त्या सारख्या पदर ओढत होत्या की ओळखीचं कोणी बघेल. दोन पुस्तकं मिळाली. एक जाडजूड, त्यात सगळे वादक आपापली वाद्यं घेऊन जावयासारखे ऐटीत बसले आहेत. दुसरं अगदी पातळ, युद्धातल्या रद्दी कागदावर छापलेलं, आणि त्यात नुसत्या प्लेटांच्या याद्या. कुठली प्लेट कुठल्या कंपनीची, तिच्यावर कोण काय वाजवतं, एवढंच. असलं पुस्तक कोण छापतं आणि कोण वाचतं ते देव जाणे. ह्यांनी ते हातात घेतलं आणि विचारलं की श्रीपाद आता रेल्वेचं टाइमटेबलही करमणुकीला वाचतो का.

रागावू नकोस, पण मनात आलं ते लिहिते. जे ऐकू येणार नाही त्याबद्दल वाचत बसून तू स्वतःला जाळून तर घेत नाहीस ना? मी भानुमतीबाईंच्या क्लासात जाते, मला गाणं थोडं कळतं. पण तुझं ते जॅझ मला एकदा इराण्याच्या हॉटेलाबाहेर ऐकू आलं होतं, तेव्हा मला वाटलं आत ताटांची फेकाफेक चालली आहे. ते एवढं मनात धरण्यासारखं काय आहे? उलट टपाली लिही.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं जिना चढू नको. माझी माया तुझ्या पाठीशी आहे, हे मात्र विचारावं लागू नये.

तुझी
ताई


दीक्षितपुरा, जबलपूर
४ मार्च १९४५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पुस्तकं पोचली. ताई, तुला कळलं नाही तू काय पाठवलंस ते. याद्यांचं ते पातळ पुस्तक मी पोथीसारखं वाचून राहिलो आहे. ज्या दोघांनी ते केलं त्यांनी एकेका प्लेटेसाठी म्हाताऱ्या वादकांची दारं ठोठावली आहेत. कुठल्या प्लेटेवर मागं ढोल कोण वाजवतो आहे एवढं विचारायला ते आगगाडीनं मुलूख ओलांडून गेले. जगात एवढी लढाई पेटली आहे आणि ही माणसं ढोलवाल्याचं नाव चुकू नये म्हणून धडपडून राहिली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि ऐक. टॉलिव्हरच्या प्लेटा काढणारी मॅग्नोलिया कंपनी मुळात सुतारांची. खुर्च्या-कपाटं करायचे, मग ग्रामोफोनच्या पेट्या करायला लागले, पेट्या खपाव्यात म्हणून प्लेटा काढल्या. लाकूड कापायच्या मागच्या खोलीत वादकांना उभं करायचे आणि बाहेरून आगगाडी गेली की थांबायचे. आमच्या सुतारखात्यात मी हे सांगितलं तर सगळे मिस्त्री खूश. आपली जातवाली माणसं निघाली म्हणाले.

घरचा तमाशा वेगळाच. मी आईला संध्याकाळी टॉलिव्हरचं चरित्र वाचून दाखवतो, शेजारपाजारचे बसतात म्हणून हिंदीत. पण माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही, त्यामुळे अर्धी गल्ली ऐकते. सराफ्यातले एक सोनार दुकान वाढवून मुद्दाम इकडून जातात. धुलाईच्या कारखान्यात टॉलिव्हरचा हात भाजला त्या दिवशी आई जेवली नाही. पुढं तो हात बरा होतो हे मला पानं चाळून आधीच सांगावं लागलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काहून वाचतो? टॉलिव्हरची एक प्लेट मी सार्जंटकडे इतक्यांदा ऐकली की ती माझ्या डोक्यात बसली. कान गेल्यावर मी रोज ती मनात लावतो. माझ्याजवळ तेवढंच गाणं आहे, ताई. पण ते झिजून राहिलं आहे. परवा कॉर्नेट एकटं सुरू होतं ती जागा मला सापडेना. सुरुवात आठवते, शेवट आठवतो, मधला तुकडा गेला. पुस्तकात त्या जागेबद्दल चांगली चार पानं आहेत, ती वाचली की क्षणभर काहीतरी हलतं आणि पुन्हा बुजतं. हेही गेलं तर आत नुसती शांतता राहील, आणि मला तिची भीती वाटते. आईला हे सांगितलेलं नाही.

एक मागतो. ती प्लेट मुंबईत शोध. मॅग्नोलिया, निळं लेबल. ऐक आणि लहानपणी बापूंनी आपल्याला शिकवली तशी सरगम लिहून पाठव. जशी आहे तशी लिही. बापू असते तर मुलगा म्हणून त्यांनाच सांगितलं असतं.

तुला घर-संसार आहे हे जाणूनही मागतो आहे, तेवढा हक्क माझा राहू दे.

तुझा
श्रीपाद


गिरगाव, मुंबई
९ एप्रिल १९४५

चि. श्रीपादास ताईचे उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र मी ह्यांनाही दाखवलं नाही, टाइमटेबलवरून त्यांना दोन शब्द मात्र सुनावले.

प्लेट सापडली. युद्धामुळे नव्या प्लेटा येत नाहीत, दुकानदार जुन्याही दडवून ठेवतात. शेवटी धोबीतलावच्या एका गोवेकर बाईंचा पत्ता लागला, त्यांचे यजमान हॉटेलात बाजा वाजवायचे. त्यांनी प्लेट विकायची नाही असं आधीच बजावलं, पण कशाला हवी ते ऐकल्यावर ग्रामोफोनला नवी सुई लावली आणि आम्हाला दर बुधवारी दुपारी यायला सांगितलं. आम्हाला म्हणजे मला आणि भानुमतीबाईंना. बाई आधी यायला तयार नव्हत्या, मग परत जायला तयार नव्हत्या.

श्रीपाद, ताटांची फेकाफेक म्हणाले ते मी परत घेते. पहिल्या बुधवारी मला सगळा गोंधळच वाटला. दुसऱ्या खेपेला कळलं की तिघे जण तीन गोष्टी सांगताहेत आणि कोणी कोणाला अडवत नाही. आणि तुझा तो टॉलिव्हर एकटा सुरू झाला तेव्हा बाईंनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं कोणीतरी दिवसभराचं काम आटोपून, पाय पसरून, खरं काय ते बोलायला बसलं आहे. धुलाईच्या कारखान्यातला तो भाजलेला हात मला दिसला. मी पुस्तक वाचलेलं नाही, तरी दिसला.

सोबतच्या कागदांवर संपूर्ण सरगम आहे, मात्रांसकट. बाईंनी तपासली आहे. एकच सांगायचं राहिलं. कॉर्नेट गंधारावर थांबतं तिथं सूर जरा उतरलेला वाटला. बाई म्हणाल्या प्लेटेचं भोक मधोमध पाडलेलं नसलं की असं होतं, फिरताना प्लेट डुलते आणि सूर घसरतो. मलाही ते पटलं, म्हणून तिथं स्वच्छ शुद्ध गंधार लिहिला आहे. एवढ्या मोठ्या वादकाला प्लेटेच्या दोषापायी बेसूर का दाखवायचं.

आईला नमस्कार. कागद मिळताच कळव, तोवर माझा जीव टपालाच्या थैलीत अडकून राहील.

तुझी
ताई


दीक्षितपुरा, जबलपूर
२ मे १९४५

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार. या खेपेला खरोखर घातला आहे, आई साक्षीला आहे.

तुझे कागद मला घरी मिळालेच नाहीत. मला साहेबाच्या खोलीत बोलावलं. टेबलावर तुझं पत्र उघडलेलं, आणि पत्रं तपासणारा अधिकारी तुझ्या सरगमवर बोट ठेवून बसलेला. त्याला ती सांकेतिक भाषा वाटली. तोफांच्या कारखान्यातला माणूस, मुंबईहून येणारे कागद, आणि त्यांवर ओळीच्या ओळी सा ग प ग, मध्येच आडव्या रेघा. त्याच्या जागी मी असतो तर मीही पकडलं असतं. हे संगीत आहे असं मी सांगितलं. त्यानं कागदावर लिहिलं की मग गाऊन दाखव.

ताई, कान गेल्यापासून मी गायलो नव्हतो. आपलाच आवाज येत नाही, तर गाणार कसा? घाबरून कागद हातात घेतला आणि सुरुवात केली. किती मोठ्यानं गात होतो कोण जाणे. दारात कारकून गोळा झाले, त्यांचे हेडक्लार्क बडेबाबू हसू दाबून राहिले होते. मला फक्त गळ्यातली थरथर कळत होती. पहिला भाग झाला. मग कॉर्नेट एकटं सुरू होतं ती जागा आली, माझी हरवलेली जागा, आणि मी तुझ्या कागदाप्रमाणे चालू लागलो. गंधार आला, आणि माझा गळा अडला.

शुद्ध गंधार लागेना. मी पुन्हा मागून आलो, पुन्हा तिथंच अडलो. मग मी कागद खाली ठेवला आणि गळा जाईल तिकडे त्याला जाऊ दिलं. तो शुद्धाच्या जरा खाली उतरला आणि कोमलाला शिवलाच नाही, दोघांच्या मधे जाऊन बसला. टॉलिव्हर तिथंच बसतो. प्लेटेचं भोक अगदी मधोमध आहे, ताई. तो सूर त्याचा आहे, त्यानं मुद्दाम तिथं ठेवला आहे. आणि तो सापडला तसा पुढचा सगळा तुकडा धडाधड आला, ढोलासकट. मी कागदाशिवाय शेवटपर्यंत गायलो. गाऊन झाल्यावर पाहिलं तर बडेबाबू हसत नव्हते. साहेबानं तुझे कागद घडी करून माझ्या हातात दिले.

भानुमतीबाईंना माझा दंडवत सांग. त्यांनी सूर सुधारला नसता तर मी तो नुसता वाचून पुढं गेलो असतो. माझ्यावर लोभ तर तू करतेसच, आता टॉलिव्हरवरही करत जा.

सात महिन्यांत या कानांना काही कळलं नाही, ताई. पण तू एका जागी चुकलीस, आणि ती चूक मला ऐकू आली.

तुझा
श्रीपाद