उपास सोडायचा घोट

गुरुजी, तुमच्यावर चार गौरवाचे शब्द लिहून दे म्हणून तुमचे सगळे जुने विद्यार्थी माझ्या मागे लागलेत. कवितेच्या तासाला खिडकीबाहेर ढग बघत बसणारा मीच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. लिहायला बसलो आणि हे उतरतंय. तुम्ही दारू पीत होता. 'गुरुजी थोडी घ्यायचे' असं म्हणायची आमच्यात रीत आहे, ती मी आज मोडतो.

कार्ल्याच्या शाळेची ती खोली अजून डोळ्यांपुढे येते. बाहेर खाचरं पाण्यानं भरलेली, डोंगर अर्धा पुसलेला, आणि तुम्ही डोळे मिटून कविता म्हणताय. काय गळा होता! आणि त्या गळ्यात तुम्ही काय ओतत गेलात! पेन्शनीत निघालात, साखरेचं दुखणं लागलं, तरी आम्ही मोठे झालेले विद्यार्थी दर गुरुवारी तुमच्या ओसरीवर. गुरुवारी तुमचा दत्ताचा कडक उपास. दिवसभर पाणी, आणि सकाळी साखर उतरवायची गोळी. "गोळीनं उपास मोडत नसतो रे." संध्याकाळी आरती झाली की घासाच्या आधी पेला. दत्तानं असा उपास सोडायला कधी सांगितलं, असं मी एकदा विचारलं, तर सगळ्यांसमोर मला म्हणालात, "तू रुक्ष आहेस." मला! ढगांसाठी तुमचाच मार खाल्लेल्या मला!

अशाच एका गुरुवारी पेला झाल्यावर, घासाच्या आधीच, तुम्ही फाट्यावर बसून होता. सदरा घामानं भिजलेला, हात थरथरत, जीभ जड. येणारेजाणारे हसले, "गुरुजींची आज लय झाली." कुणीतरी घरी नेऊन निजवलं. तुम्ही उठला नाहीत. दारूनं नेलं, असं म्हणून आम्ही रडलो आणि तुमची रीत मात्र उचलली. दर गुरुपौर्णिमेला आमच्यातल्या एकाच्या तुंगार्लीच्या बंगल्यावर जमायचं, दिवसभर उपास करायचा, आणि तुमच्या नावाच्या घोटानं तो सोडायचा. ही आमची गुरुभक्ती! दगडाला शेंदूर फासावा तसा तुमच्या व्यसनाला आम्ही फासला.

यंदा मलाही ती गोळी लागली. लोणावळ्याचा डॉक्टर म्हणाला, "काका, लिव्हर म्हणजे घरातली कणगी. पोट रिकामं असलं की साठवलेली साखर तेच थोडी थोडी रक्तात सोडतं. दारू आली की ते तिच्याच मागे धावतं, साखर सोडायचं राहतं. वर गोळी साखर खाली ओढत असतेच. मग माणूस घामाघूम होतो, बरळतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, चढली." मला फाट्यावरचे तुम्ही दिसलात.

गुरुपौर्णिमेला बंगल्यावर मी हे सांगितलं. हसले. आमच्यातला एकजण, भातशेतीवाला, गोळीवरच आहे. तो म्हणाला, "तू कवितेचा मानूस, तुला कशाला डाक्टरी? सकाळी गोळी घेतलीय मी, चुकवली न्हाई. आता गुरुजींचा घोट घेतल्याबिगर घास न्हाई घ्यायचा."

दुसऱ्या पेल्यानंतर तो थरथरायला लागला. कपाळावर घाम, शब्दावर शब्द चढलेला. बाकीचे टाळ्या पिटतात, "बगा, गुरुजी अंगात आलं!" मी स्वयंपाकघरात धावलो. त्याला अजून गिळता येत होतं. घोट घोट साखरपाणी पाजलं आणि आरडून गाडी काढायला लावली.

तो वाचला. हॉस्पिटलच्या दारात त्याच्या बायकोनं मला अडवलं. "कोन वो तुमचा ह्यो गुरू, असलं शिकवनारा?" 

तुमच्या गळ्याची माया अजून सुटत नाही, त्याचाही मला राग येतो. चांगला आवाज मिळालेल्या माणसाला सगळं माफ असतं, असं तुम्हाला वाटायचं, आणि आम्ही ते खरं करून दाखवलं.

हे मी त्यांना देणार नाही. त्यांना खाचरांवर आणि तुमच्या स्वरावर गोड चार ओळी देईन. तेवढं मला झोपेतही जमतं. 'पुढच्या वर्षी पेला भरलात तर मी येणार नाही,' असं त्यांना ठणकावून आलोय. पण खरं सांगतो, जाईन मी. कोपऱ्यात बसेन, खिशात साखरेची पुडी घेऊन. तुमच्या शिष्यांत कुणीतरी शुद्धीवर असलेलं बरं.