माझ्या नावावरचं वेड

४ फेब्रुवारी

वेडी ठरले! भर कोर्टात. आणि ज्याला वेडा ठरवायला गेले होते, तो माझा भाऊ राहिला शहाणा.

सरकारी वकिलाने डॉक्टरांना उभं केलं. "तुमच्याकडून औषध कोण नेत होतं? आरोपी?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं — "नाही, या बाई. यांना आवाज ऐकू यायचे." मागे कोणीतरी खिदळलं. मी ओरडले, "मला नाही, धाकट्याला यायचे!" ओरडल्यामुळे तर आणखीच वेडी दिसले असेन.

आणि डॉक्टर खोटं बोलले नाहीत, हीच तर पंचाईत. जात मीच होते. धाकटा दवाखान्याची पायरी चढेना — "मला काय धाड भरलीय?" आणि आई म्हणाली, "त्याचं लग्न व्हायचंय, त्याच्या नावावर डाग नको. तुझं तर मोडलंच आहे." घ्या! म्हणून त्याचं दुखणं माझ्या नावावर. त्याला होतं ते मला होतंय म्हणून सांगायचं, गोळ्या आणायच्या, कुटून त्याच्या दुधात घालायच्या. आमच्या घराची रीतच ही. आजोबांचा क्षय 'साधा खोकला' होता. आत्या नवऱ्याला सोडून आली, ती 'हवापालटाला' आली आणि इथेच म्हातारी झाली. मग धाकटा जरा बरा दिसायला लागला तर आईने त्याच्या गोळ्या बंद केल्या. बरा झाला म्हणे!

५ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानात आज एका गिऱ्हाइकाने माझा हात लागू दिला नाही. कानामागची दांडी वाकवायला पुढे झाले तर मान मागे. "दुसरं कोणी नाही का?" म्हटलं, नाही, आज फक्त वेडीच आहे. दुकानाचे मालक हसले नाहीत.

११ फेब्रुवारी

तुरुंगात भेट. पहिला प्रश्न — "ताई, आता नीट झोप लागते ना?"

काय सांगू? त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, तो कामाला होता त्या कुलपांच्या दुकानाचे मालक माझ्या खोलीची किल्ली बनवून रोज रात्री येत होते, माझा गळा दाबायला. किती वेळा सांगितलं, अरे, कोणी येत नाही. तो नुसता माझ्या दाराची कडी तपासायचा. आणि एक दिवस गिऱ्हाइकांसमोर हातोडी घातली त्यांच्या डोक्यात. पोलिसांना फोनही यानेच केला. म्हणे, "काम झालंय, या."

सरकारी वकील हेच धरून बसलाय — फोन केला, म्हणजे गुन्हा केल्याचं कळत होतं. अहो, त्याने पोलीस बोलावले ते गुन्हेगार सापडला म्हणून! पाठ थोपटतील असं वाटलं होतं त्याला. आमच्या वकीलबाई सांगतात, "नुसता आजार असून भागत नाही. मारताना आपण वाईट करतोय हेच त्याला कळत नव्हतं, हे आपण दाखवायचं." दाखवणार कोण? मी. आणि मी तर वेडी!

निघताना धाकटा म्हणाला, "वकीलबाईंना सांग, मी वेडा नाहीये." म्हटलं, हो रे बाबा, घरात एकटी मीच.

२ मार्च

जन्मठेप. निकालात माझा खास उल्लेख आहे — बहिणीच्या मानसिक आजारामुळे तिच्या साक्षीवर विसंबता येत नाही. मालकीणबाई, त्या गेलेल्या माणसाची बायको, पदर तोंडाला लावून रडल्या. मला रडू आलं नाही. राग आला, नुसता राग.

घरी आई म्हणते, "निदान वेडा तरी नाही म्हणाले!" ताटावरून उठले.

अपील करणार. करणारच!

१९ ऑगस्ट

दीड वर्ष ताटकळलो, आता अपिलाची तारीख लागली. वकीलबाईंनी बजावलं — "तुम्ही डॉक्टरांना फसवलंत हे शपथेवर सांगावं लागेल. उलट तुमच्यावर केस होईल." होऊ दे. नाहीतरी आता माझं काय झाकायचं राहिलंय?

२० ऑगस्ट

डॉक्टरांकडे गेले. आधी भडकले. "मला बनवलंत तुम्ही!" बनवलं. मी मान खाली घातली नाही. म्हटलं, रागवा, पण आठवून बघा, मी खरंच आजारी दिसत होते का? मग तेच म्हणाले, "एकदा मी विचारलं होतं, आवाज नेमकं काय म्हणतात? तर तुम्ही म्हणालात — उद्या विचारून सांगते."

मी साफ विसरले होते! त्यांना तेव्हा थट्टा वाटली. "असं उत्तर कुठलाच पेशंट देत नाही, बाई. माझ्या लक्षात यायला हवं होतं." कोर्टात सांगाल? त्यांची अब्रू जाईल हे दोघांनाही कळत होतं. चष्मा काढून पुसला, परत घातला. "सांगतो," म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही.

३ सप्टेंबर

सांगितलं त्यांनी! शब्दाला जागला माणूस. धाकट्याला तपासायचा हुकूम झाला. सरकारी वकिलाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

८ जानेवारी

जिंकलो!! खून त्याच्याच हातून झाला, पण त्या वेळी तो भानावर नव्हता, म्हणून शिक्षा रद्द. तुरुंगातून मनोरुग्णालयात. औषध आता त्याच्या स्वतःच्या नावावर.

आई — "शेजाऱ्यांना काय सांगायचं गं?" जिन्यात उभी राहून मीच सांगितलं. खणखणीत! माझा भाऊ वेडा आहे, मी नाही, आणि तो बरा होणार आहे. वरच्या काकूंनी दार लावून घेतलं. घेऊ दे.

३० मार्च

धाकट्यात फरक पडतोय. आवाज थांबलेत म्हणतो. पेपर वाचतो. जिवाचं रान केलं त्याचं चीज झालं.

२७ एप्रिल

आज धाकट्याने विचारलं, "ताई, मालक कधीच येत नव्हते ना?"

"नाही."

त्याने हातातल्या पेपरची नीट घडी केली. मग म्हणाला, "मग मला बरं कशाला केलंस?"