साक्षीदार आत, आजोबा बाहेर

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे वाकत नसल्यामुळे धाकट्याचा उभ्या उभ्याच साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. त्यात तू 'मी अगदी ठणठणीत आहे' असं लिहिलं आहेस, पण अक्षर ओळीगणिक खाली उतरत गेलंय आणि शेवटच्या दोन ओळी भाऊजींच्या हातच्या वाटतात (ती वेलांटी त्यांचीच, मी ओळखतो). तेव्हा ठणठणीत नक्की कोण आहे, तू की ते, हे वेगळं कळवावं. राग मानू नकोस. पण ज्या बहिणीने मला लहानपणभर 'तुला आम्ही भंगारवाल्याकडून एका गळक्या बादलीच्या बदल्यात घेतलं' असं न हसता सांगितलं, तिच्या तब्येतीच्या बातमीवर मी डोळे मिटून विश्वास कसा ठेवू? माझं आयुष्य कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची झडती घेण्यात गेलं. भंगार न्यायला येणाऱ्यांना मी नेहमी जरा जास्त वेळ थांबवायचो. साहेबांना वाटायचं, काय हा दक्ष माणूस. मी त्यांचे कान बघत असायचो. आपल्या सबंध घरात माझ्यासारखे सुपाएवढे, बाहेर आलेले कान कोणाचेच नव्हते, हे तुलाही ठाऊक आहे.

असो. आनंदाची बातमी अशी, की तू तिसऱ्यांदा आत्याआजी झालीस. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. एवढं सांगून पत्र संपवता आलं असतं, पण जे घडलं ते माझ्या तोंडून तुझ्या कानावर गेलेलं बरं. माझ्या बायकोनेही तुला पत्र टाकलं आहे अशी माझी खात्री आहे, कारण परवा तिने मला पाकिटं कुठे ठेवलीत ते विचारलं आणि कशाला हवीत म्हटल्यावर उगाच खोकली.

झालं असं, की लेकीने ठरवलं, या वेळी दोन्ही मुलं खोलीत हजर राहतील. म्हणजे बाळ जन्मताना. थोरली सहा वर्षांची (तिला आम्ही हवालदार म्हणतो; का, ते तू तिला पाहिलं असतंस तर विचारलं नसतंस) आणि धाकटा चार वर्षांचा गोटी. आपल्या वेळी मुलांना शेजारी पाठवून द्यायचे आणि परत आलं की पाळण्यात कोणीतरी असायचं. कुठून आलं, विचारायची सोय नव्हती. लेकीचं म्हणणं, मुलांना दाराबाहेर ठेवलं की त्यांच्या मनात नाही नाही ते येतं, आत असली की बाळ त्यांचं आपलं होतं. मी विचारलं, हे तुझ्या डोक्यात घातलं कोणी? तर म्हणे, माझ्याच डोक्यात आलं. ताई, फाटकावर 'पिशवी माझीच आहे' असं आपणहून सांगणाऱ्याची पिशवी मी सगळ्यात आधी उघडायचो.

प्रसूतिगृह छोटंसं आहे, दोन खोल्या आणि मध्ये व्हरांडा. तिथल्या सुईणबाईंचा नियम असा, की मुलं आत आणायची तर त्यांच्यासाठी एक मोठं माणूस हवं, ज्याला दुसरं काहीही काम नसेल. मूल 'बाहेर चल' म्हणालं, की त्या माणसाने एक शब्द न बोलता उठायचं. या पदाला 'मुलांचा माणूस' म्हणतात. दुसरं काहीही काम नसलेला माणूस म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. इतकं एकमत आमच्या घरात जेवायला काय करायचं यावरही होत नाही. यात काहीतरी आधी ठरलेलं होतं, असं माझं अजूनही मत आहे.

सुईणबाई तालमीसाठी घरी आल्या. बाई सारख्या हसतात. पिशवीला कुलूप नाही, चेनही अर्धी तुटलेली. मी विनंती केली की पिशवी बघू द्या, तर त्यांनी ती सरळ माझ्या मांडीवर ठेवली. आत टॉवेल, कात्री, हातमोजे आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. झडतीत ज्याच्याकडे काहीच सापडत नाही त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं, हा माझा अनुभव, म्हणून मी ठेवलं. मग त्यांनी हवालदाराची लोकरीची बाहुली उशीच्या अभ्र्यात घालून आणि परत बाहेर काढून मुलांना सगळं समजावलं. आई ओरडेल, पण ती रागावलेली नसेल, ती जोर लावत असेल, जशी जड कपाट सरकवताना माणसं ओरडतात. गोटीला हे इतकं पटलं, की त्यानंतर आठवडाभर तो चड्डी चढवतानाही ओरडत होता.  हवालदार मात्र बाहुलीकडे बघत नव्हती, बाईंच्या हातांकडे बघत होती. माझी नात शोभते.

मग मी तिला बाजूला घेऊन माझं शिक्षण दिलं. (हे लेकीला कळवू नकोस. अर्थात तिला आता सगळं माहीत आहे, पण तरी.) कारण एक गोष्ट मी तिथे जाऊन बघून आलो होतो. खोल्या दोन, पण बाळाचं वजन करायचा काटा एकच, आणि तो व्हरांड्यात. म्हणजे दोन्ही खोल्यांमधली बाळं फडक्यात गुंडाळून एकाच टेबलावर येणार. आणि शेजारच्या खोलीत एका सुताराच्या बायकोची तारीखही आसपासचीच. आता मला सांग, एकाच वजनाचे, एकाच रंगाच्या फडक्यातले दोन नग एका टेबलावर ठेवले, तर फाटकावर कोणता शहाणा माणूस ते नुसते सोडून देईल? माझ्या लेकीच्या वेळी मी व्हरांड्यात होतो. नर्सने गाठोडं आणून 'घ्या, मुलगी' म्हटलं आणि मी घेतलं. ना पास, ना सही. कान माझे निघाले म्हणून निभावलं. तेव्हा हवालदाराला मी तीन गोष्टी घोकून घ्यायला लावल्या. मालावरून नजर काढायची नाही. माल हलला की आपणही हलायचं. आणि जो भरताना हजर नव्हता, त्याच्या हाती माल द्यायचा नाही, मग तो साहेब का असेना. तिने शेवटची गोष्ट दोनदा म्हणून दाखवली. मला कौतुक वाटलं.

त्या दिवशी लेक आणि जावई पहाटेच तिकडे गेले, आणि सकाळी न्याहारी होते न होते तोच 'मुलांना घेऊन या' असा फोन आला. आम्ही पोचलो तर शेजारच्या खोलीचं दार बंद आणि सुतार बाहेर बाकावर, कानाला पेन्सिल खोचून बसलेला. मी मनात म्हटलं, बघ, आजच. आमच्या खोलीत पलंग, खिडकीला निळा पडदा, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ (चालू घड्याळ कोणाला नको होतं, हा प्रश्न मी विचारून ठेवला आहे) आणि कोपऱ्यात माझं स्टूल. हवालदार पलंगाशेजारच्या पाटावर हाताची घडी घालून उभी राहिली. गोटी माझ्या स्टुलाखाली बसून सुईणबाईंची बिस्किटं खात होता आणि दर बिस्किटानंतर 'आलं का?' विचारत होता. माझी बायको पलंगाच्या उशाशी होती, जावई लेकीचा हात धरून उभे होते. चेहरा असा पांढरा, की त्यांना वाचवायलाही एक माणूस ठेवायला हवा होता. लेक ओरडली की गोटी तिच्या जोडीला ओरडायचा. एका कळेनंतर ती खरंच हसली. मी भिंतीकडे बघत होतो. बापाने लेकीचं असं दुखणं बघू नये असं नाही, पण बघवत नाही.

आणि ऐन वेळी, सुईणबाई 'आता डोकं दिसतंय' म्हणाल्या त्याच क्षणी, गोटीने माझा अंगठा ओढला. आजोबा, शू. ताई, सकाळपासून सात वेळा विचारलं होतं, सातही वेळा नाही म्हणाला होता. पण नियम म्हणजे नियम, मुलांच्या माणसाने एक शब्द न बोलता उठायचं. मी उठलो. व्हरांड्याच्या टोकाला संडास. तिथे गोटी आरामात उभा राहिला आणि बाळाला दात असतात का, असले तर चावतं का, आणि भाऊच येणार ना, असे प्रश्न काढत बसला. त्याच्या चड्डीच्या नाडीला कोणीतरी निरगाठ मारली होती. कोणी मारली याचा तपास अजून चालू आहे. मी ती गाठ दातांनी सोडवत असताना रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं.  आणि पाठोपाठ दुसरं रडणं. दुसऱ्या खोलीतून. जिथे असायला हवं होतं तिथे नव्हतो, आणि जी भीती मी धरली होती ती तंतोतंत खरी होत होती.

गाठ सोडवून धावत आलो तर जावई दारातून 'मुलगी!' असं ओरडले, आणि टेबलावर दोन गाठोडी. एकाजवळ सुतार उभा. दुसऱ्याजवळ हवालदार, फडक्याचं टोक मुठीत घट्ट धरून. म्हणजे कोणतं कोणाचं हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण मी काय केलं? मी माणसांकडे पाहिलंच नाही, थेट कान पाहिले. सुताराच्या बाळाचे कान बाहेर आलेले होते, अगदी माझे. मी दोन्ही हात पुढे करून 'ये गं माझी बाय' म्हणत त्यालाच उचलायला गेलो. सुताराने बाळ झटक्यात छातीशी धरलं. तो मुलगा होता, हे वेगळंच. आता तो सुतार रस्त्यात भेटला की दुसऱ्या बाजूने जातो, आणि मला त्याचं चुकीचं वाटत नाही.

मग मी आपल्या बाळाकडे वळलो, तर हवालदाराने हात आडवा केला. 'थांबा. तुम्ही आत नव्हतात.' अगं, मी आजोबा. 'ते बरोबर आहे. पण तुम्हाला ओळखता आलं नाही.' लेकीने आतून सांगून पाहिलं, जावयांनी सांगितलं, सुईणबाईंनी हसू दाबत सांगितलं. ती जागची हलेना. मी शिकवलेलं होतं ना, साहेब का असेना. सगळ्यांनी बाळाला घेतलं. जावयांनी घेतलं, माझ्या बायकोने घेतलं, गोटीच्याही मांडीवर उशी ठेवून दिलं, कारण त्याच्या वतीने बिस्किटं तरी आत हजर होती. मी एकटा स्टुलावर रिकाम्या हातांनी. मला फार वाईट वाटलं, ताई. वयाचा विचार न करता सांगतो, रडू यायचं बाकी होतं.

दुपारी तिलाच दया आली असावी. माझ्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी सांगते, तुम्ही ऐका, मग परत म्हणून दाखवा. तिने सगळं सांगितलं. आधी काळे केस दिसले, मग ते परत आत गेले, मग आई म्हणाली मला नाही जमत, आणि मी म्हटलं जमेल. मग डोकं आलं. बाळ जांभळं होतं. कोणीच बोलत नव्हतं. मग ते रडलं आणि गुलाबी झालं. डोळे उघडून त्याने आधी मला पाहिलं, बाबांना नंतर. मी सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं (मधे दोनदा थांबलो, तिने पाणी आणून दिलं). तेव्हा तिने स्वतः बाळ उचलून, मान नीट धरून, माझ्या हातात दिलं. तेव्हा मात्र रडलो.

पण स्वभावाला औषध नाही. डोळे पुसून मी सवयीने चेष्टा केली, म्हटलं, हिला तर आपण भंगारवाल्याकडून घेतलं, हो ना? हवालदार हसलीसुद्धा नाही. म्हणाली, 'नाही. मी होते.' एवढंच.  या नव्या पोरीला जन्मात कोणी असं काही सांगू शकणार नाही. सांगायला गेलं, तर मध्ये एक माणूस उभं राहील.

भाऊजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, वेलांटी लपवायची असेल तर पत्रच लिहू नका.

तुझा (असं धरून चालतो)
धाकटा भाऊ

ता. क. मी झालो तेव्हा तू सात वर्षांची होतीस. शेजारी पाठवलं असेल, पण तू तिथे बसून राहिली असशील यावर माझा विश्वास नाही. दाराच्या फटीतून बघितलंच असशील. काय बघितलंस ते आता सांगून टाक. चेष्टा पुष्कळ झाली.

ता. क. २. बाळाचे कान मी नंतर उजेडात नीट तपासले. डोक्याला चिकटलेले आहेत, आणि डाव्या कानाच्या टोकाला एक बारीक घडी आहे, कागद दुमडावा तशी. तशी घडी मी आजवर एकाच कानाला पाहिली आहे, आणि त्या कानाजवळ बसून मी रोज बादलीची गोष्ट ऐकायचो. मी हे हवालदाराला सांगितलं. ती म्हणते, पत्रावर लिहून चालणार नाही, कान समोर लागेल. तेव्हा तब्येत कशीही असो, तू ये. मी स्टेशनवर येतो. तू मला ओळखशीलच.

ता. क. ३. हे पत्र मोठ्याने वाचत होतो, ते गोटीने ऐकलं. त्याला भाऊच हवा होता. कालपासून आमची बाथरूममधली बादली गळते आहे आणि मला त्याचाच संशय आहे.